मादाम ल बो यांचा कुंचला: हाताने रंगवलेल्या एका फॅशन-चित्राच्या प्रकल्पाच्या नोंदी

१० जून २०२४

नाट्यवेशभूषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अठराव्या शतकाच्या अखेरीच्या फ्रेंच स्त्रीवेशाचा एक अभ्याससंच तयार करण्याचे काम आज सुरू केले. त्याचा मुख्य आधार म्हणून पॅरिसमध्ये १७७८ ते १७८७ या काळात निघालेली ‘गालरी दे मोद ए कोस्त्यूम फ्रांसे’ ही चित्रमालिका घ्यायचे ठरवले आहे. रू सँ-झाक या रस्त्यावर दुकान असलेल्या एस्नो आणि रापिली या दोन प्रकाशकांनी ती काढली. सहा-सहा चित्रांची एक वही, अशा क्रमाने ४००हून अधिक चित्रे निघाली. देरे, ल क्लेर, ओग्युस्तँ द सँ-तोबँ आणि प्रसिद्ध चित्रकार वातो यांच्याच घराण्यातले फ्रांस्वा वातो यांच्यासारख्यांनी मूळ रेखाटने केली, द्युपँ यांच्यासारख्या कोरक्यांनी ती तांब्याच्या पत्र्यावर उतरवली, काळ्या शाईत त्यांचे छाप निघाले, आणि त्यानंतर एकेक प्रत हाताने रंगवली गेली.

मालिकेच्या मुखपृष्ठावरचा मजकूर आज पुन्हा सावकाश वाचला. ही चित्रे प्रत्यक्ष पाहून रेखाटलेली आहेत, या क्षेत्रातल्या नामवंत कलावंतांनी ती कोरली आहेत आणि ‘मादाम ल बो यांनी अत्यंत काळजीपूर्वक रंगवलेली’ आहेत, असे तिथे छापले आहे. छापील चित्रे रंगवणाऱ्यांची नावे सहसा कुठेच उरत नाहीत. इथे मात्र एका स्त्रीचे नाव प्रकाशकांनी ग्राहकाला दाखवण्यासारखी गोष्ट म्हणून मुखपृष्ठावर घातले आहे. आजवर मी ही चित्रे ‘तेव्हा असे कपडे होते’ याचा पुरावा म्हणून वर्गात दाखवत आले. त्यांतला गुलाबी रंग झग्याचा, की मादाम ल बो यांच्या हाताखालच्या कोणाच्या तरी कुंचल्याचा, हा प्रश्न मात्र मी विद्यार्थ्यांपुढे कधी ठेवला नाही. या संचात तोच प्रश्न मध्यभागी ठेवायचा आहे.

१७ जून

नमुन्यासाठी चित्र निवडले. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमने या मालिकेतली बरीच चित्रे संकेतस्थळावर मोठ्या आकारात ठेवली आहेत, त्यामुळे रेघेची जाडीसुद्धा नीट पाहता येते. ‘रोब आ ला पोलोनेज’ घातलेली एक तरुणी, किंचित पाठमोरी, असे चित्र हवे होते, कारण या झग्याची खरी गंमत पाठीमागे आहे.

पोलोनेज हा १७७०च्या दशकातला प्रकार. त्याला कमरेवर आडवी शिवण नसते. वरचा भाग आणि खालचा घेर एकाच कापडातून सलग उतरतो, पुढे छातीपाशी तो एकत्र येतो आणि तिथून दोन्ही बाजूंना मागे सरत जातो. मागचा घेर आतून नाड्यांनी वर ओढला, की त्याचे तीन फुगे होतात. फ्रेंच मजकुरात बाजूच्या दोन फुग्यांना ‘पंख’ आणि मधल्याला ‘शेपूट’ म्हटलेले आढळते. खाली परकर असतो आणि तो इतका आखूड, की घोटे आणि पायातले जोडे दिसतात. दरबारी पोशाखाच्या मानाने हा चालण्या-फिरण्याचा, बागेत जाण्याचा वेश होता.

२९ जून

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईने रेघा ओढल्या आणि फेरिक क्लोराइडमध्ये पत्रा खाऊ दिला. त्या काळी नायट्रिक आम्ल वापरत आणि नंतर छिन्नीने रेघा पक्क्या करत; माझा हात छिन्नीला तयार नाही, म्हणून मी आम्लरेघेवरच थांबले. एकूण १४ छाप काढले आणि त्यांतले १२ ठेवले. पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन सगळ्या कागदांवर नीट उमटला आहे.

६ जुलै

पहिला छाप रंगवताना वाया गेला. कागद शिवाजीनगरचा हातकागद, चिंध्यांच्या सुती लगद्याचा, स्पर्शाला अगदी हवा तसा. पण त्यावर खळ नव्हती आणि बाहेर आठवडाभर पाऊस आहे. किरमिजी रंगाचा पहिला हात झग्याच्या कडेपर्यंत नेला आणि पाहता पाहता तो कडेबाहेर झिरपून परकरावर पसरला. टिपकागद लावूनही डाग गेला नाही.

जुन्या रंगकामाच्या पुस्तकांत छापावर रंग चढवण्याआधी तुरटीचे पाणी फिरवावे असे सांगितलेले असते, ते मी घाईत टाळले होते. उरलेल्या छापांना आज तुरटी घातलेल्या पातळ सरसाचा हात दिला आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. या हवेत त्यांना पूर्ण दोन दिवस लागतील.

९ जुलै

सरस वाळला आणि आज रंग जागच्या जागी थांबला. कडेपाशी तो अगदी थोडा साठून गडद होतो. तीच बारीक गडद किनार जुन्या प्रतींवर दिसते. ती मुद्दाम काढलेली असावी असे मला इतकी वर्षे वाटत होते.

रंगांची यादी ठरवली. किरमिजी कोचिनील किड्यापासूनचा, लाल हिंगूळ, पिवळ्यासाठी गॅम्बोज म्हणजे आग्नेय आशियातून येणाऱ्या एका झाडाचा चीक, निळ्यासाठी नीळ आणि प्रशियन ब्लू, करड्या छटांसाठी काजळीचा तपकिरी. हिरव्यासाठी तेव्हा जंगालही वापरत. पण तांब्याचा जंगाल कालांतराने तपकिरी पडतो आणि कागद खातो, म्हणून मी निळ्या-पिवळ्याचे मिश्रण घेतले. सगळे रंग अरबी डिंकात कालवले. सफेदा या यादीत नाही. शिशाचा सफेदा प्रदूषित हवेत काळा पडतो हे एक कारण, आणि या कामात त्याची गरजही फारशी पडत नाही. ते का, याची वेगळी नोंद पुढे करीन.

मूळ प्रतींतला रंग पारदर्शक का ठेवत, हे हातात कुंचला घेतल्यावर पटले. घड्यांची सावली कोरक्याने रेघांनी आधीच टाकलेली असते. वरून पातळ रंग दिला, की त्याच रेघा खालून दिसत राहतात आणि एका सपाट हातात घेर गोल दिसू लागतो. रंग जरा घट्ट झाला, की रेघा बुजतात आणि झगा पुठ्ठ्यासारखा होतो. म्हणजे रंग देणाऱ्याने कमीत कमी करायचे असते, आणि ते झटपट, एका दमात, पुन्हा कुंचला न फिरवता. सर्वांत गडद जागी, म्हणजे टोपीच्या फितीवर आणि जोड्यांवर, शेवटी नुसत्या डिंकाचा एक हात द्यायचा. तो वाळला की रंगाला खोली येते.

गालांवरच्या लालीला मी सर्वांत जास्त वेळ दिला. त्या काळच्या दरबारी शृंगारात लाली ठसठशीत गोल लावत आणि ती लावली आहे हे लपवत नसत. ओल्या कागदावर किरमिजीचा एक थेंब सोडला तर कडा विरतात आणि चेहरा आजच्या मुलीसारखा दिसतो. कोरड्या कागदावर सोडला तरच तो १७८०चा होतो.

२० जुलै

आज मुख्य प्रयोग केला. चार विद्यार्थ्यांना प्रत्येकी दोन छाप दिले. मी रंगवलेली एक प्रत मध्ये ठेवली आणि सांगितले, की पहिला छाप समोरच्या प्रतीसारखा रंगवा. दुसरा छाप, ती प्रत झाकल्यावर, तुम्हाला वाटेल तसा.

दुसऱ्या फेरीत चार वेगळे झगे होणार हे अपेक्षित होते. पहिल्या फेरीतही चार वेगळे झगे झाले, आणि ही नोंद मला त्याबद्दलच करायची आहे. छटा कमी-अधिक असणे समजण्यासारखे आहे. पण एका विद्यार्थिनीने उजव्या फुग्याखालची एक घडी परकराची समजून पांढरी ठेवली, तर दुसऱ्याने तीच घडी झग्याची समजून गुलाबी केली. त्या जागी रेघ खरोखरच संदिग्ध आहे. फुग्याची खालची कड आणि परकरावरच्या झालरीची वरची कड जवळजवळ एकमेकींत मिसळतात. एका कुंचल्याने झगा आखूड झाला, दुसऱ्याने चार बोटे लांब. तिसऱ्या प्रतीत बाहीच्या टोकाची जाळीदार झालर झग्याच्याच रंगाची झाली आणि त्यामुळे ती वेगळी शिवून लावलेली आहे हे कळेनासे झाले.

रंग चुकला म्हणजे फक्त छटा चुकली, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात रंग देणारा माणूस कपड्याची बेतणीच ठरवत असतो: कोणते कापड कुठे संपते, काय कशाला जोडले आहे, काय वरून लावले आहे. संग्रहालयांत एकाच पत्र्याच्या दोन प्रती निरनिराळ्या रंगांत दिसतात तेव्हा त्याचे कारण आवड किंवा उपलब्ध रंग एवढेच नसते. दोन व्यक्तींनी ती रेघ दोन तऱ्हांनी वाचलेली असू शकते. वेशभूषाकाराने अशा एकाच प्रतीवरून बेतले, तर तो मूळ रेखाटनकाराला नव्हे, तर त्या एका रंगवणारीला प्रमाण मानतो.

विद्यार्थ्यांनी दुसऱ्या फेरीतले रंग का निवडले हेही विचारले. दोघांनी ‘राणी म्हटली की असाच’ असे उत्तर दिले. रंगांची फॅशन किती क्षणभंगुर होती ते मग त्यांना सांगितले. १७७५च्या उन्हाळ्यात सोळाव्या लुईने एका तपकिरी कापडाला पिसवेचा रंग म्हटले आणि दरबारात ‘प्यूस’ची लाट आली, पुढे पिसवेचे पोट, पिसवेची मांडी अशा उपछटाही निघाल्या. ‘लंडनचा धूर’ नावाचीही एक छटा होती. अशी नावे दुकानात चालतात. रंगाच्या वाटीत त्यांचे नेमके प्रमाण कोणी ठरवलेले नसते.

२८ जुलै

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींना रेघांचा छाप आणि माझी रंगीत प्रत, दोन्ही दाखवल्या. त्यांनी रंगीत प्रत लगेच बाजूला ठेवली. “बाई, ह्यात टाके दिसत नाहीत, साध्या चित्रात बघू,” असे म्हणून त्यांनी छापावर बोट फिरवत पाठीच्या शिवणी शोधल्या आणि विचारले, “हे सोडलं कुठं आणि बांधलं कुठं? नाडी आतून असेल तर अस्तराला काज पाहिजे.”

त्यांच्याच मशीनवर मांजरपाटाचा एक कच्चा झगा बेतला. मागच्या चार कळ्या कमरेवर न कापता सरळ खाली नेल्या, आत दोन नाड्या कच्च्या टाक्याने बसवल्या आणि ओढून पाहिल्या. तीन फुगे झाले, पण मधला लोंबला. चित्रात मधल्या फुग्याखाली एक बारीक वक्र रेघ आहे, ती मी सावली समजले होते. मावशींच्या मते ते कापड आत वळल्याची खूण आहे, म्हणजे नाडी कमरेपासून खूप वर न ओढता मांडीच्या उंचीवर बांधली आहे. तसे केल्यावर शेपूट चित्रासारखी बसली.

याच संदर्भात एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवते. पॅरिसमध्ये स्त्रियांचे झगे शिवणाऱ्या शिंपिणींची स्वतंत्र श्रेणी, म्हणजे व्यावसायिकांचा संघ, १६७५मध्ये स्थापन झाली. झालरी, फिती, गॉझ, फुले, टोप्या असा साज चढवणाऱ्या ‘मार्शांद द मोद’ स्त्रियांना मात्र आपली श्रेणी मिळायला १७७६ साल उजाडले, आणि तिच्या पहिल्या प्रमुख राणीच्या पोशाखकार रोझ बेर्तँ होत्या. शिलाईपेक्षा कापड कितीतरी महाग असल्याने झगा उसवून पुन्हा बेतत आणि त्यावरचा साज वरचेवर बदलत. ‘गालरी’ची चित्रे पाहताना हे ध्यानात ठेवले, की ती साजावर इतका भर का देतात आणि पाठीच्या शिवणीवर इतका कमी का, ते समजते. ज्या ग्राहकासाठी ती काढली, तिला शिवण ठाऊकच होती. तिला पाहायची होती ती नवी झालर.

११ ऑगस्ट

पांढऱ्या झग्याची नोंद. संचातले दुसरे चित्र ‘शेमीज’चे आहे. मलमलीचा हा सैल झगा डोक्यावरून घालत, गळ्याशी आणि कमरेशी नाडीने किंवा पट्ट्याने आवळत. १७८३मध्ये ‘सालों’ या पॅरिसच्या चित्रप्रदर्शनात एलिझाबेत व्हिजे ल ब्रँ यांनी काढलेले मारी आंत्वानेतचे अशा झग्यातले चित्र लागले आणि राणी अंतर्वस्त्रातच दाखवली अशी टीका झाल्यावर ते काढून घ्यावे लागले. त्याजागी रेशमी झग्यातले, हाती गुलाब घेतलेले चित्र आले. शेमीज मात्र ‘राणीचा’ म्हणून फ्रान्समध्येच नव्हे, तर इंग्लंडमध्येही गेला.

हा झगा रंगवताना कापड म्हणून जे दिसते ते म्हणजे न रंगवलेला कागद. म्हणूनच सफेदा लागत नाही. घड्यांच्या खोल जागी निळीचे, जवळजवळ पाणीच असलेले, एक बोट फिरवायचे आणि थांबायचे. तीन छाप मी बिघडवले, तिन्ही जास्त रंगवून. चौथ्यात कमरेचा पट्टा एकाच हातात गडद निळा दिला आणि झग्याला हातच लावला नाही. तेव्हा कुठे ती मलमल वाटली. हातकागदाच्या पृष्ठभागावरचे तंतू तिरप्या उजेडात दिसतात आणि ते विणीसारखे भासतात. हा योगायोग आहे, पण संचात तिरपा उजेडच ठेवणार आहे.

उत्तम मलमल तेव्हा बंगालची, त्यातही ढाक्याची. त्याआधी शतकभर भारतीय छापील सुती कापडाने फ्रेंच रेशीम-लोकर व्यवसायाला इतके घाबरवले होते, की १६८६पासून १७५९पर्यंत त्यावर बंदी होती. ती उठताच १७६०मध्ये ओबरकाम्फ यांनी व्हेर्सायजवळच्या झुईमध्ये छपाईचा कारखाना काढला. इंग्रजीतला ‘चिंट्स’ हा शब्द आपल्या ‘चीट’चाच सोयरा आहे. वर्गात हे सांगितले, की समोरचा झगा एकदम परका राहत नाही, असा अनुभव आहे.

२५ ऑगस्ट

रंगाची साक्ष पडताळण्याचा मार्ग सापडला. तो समोरच होता. १५ नोव्हेंबर १७८५पासून ब्युइसों या पुस्तकविक्रेत्याने ‘कॅबिने दे मोद’ हे पाक्षिक सुरू केले. दर अंकात आठ पाने मजकूर आणि तीन रंगीत चित्रे, वर्षाची वर्गणी २१ लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन). वर्षभरात त्याचे नाव बदलले आणि इंग्रजी फॅशनही त्यात आली. या पाक्षिकाचे मोल असे, की प्रत्येक चित्राचे वर्णन शब्दांत दिलेले आहे: झगा कोणत्या कापडाचा, कोणत्या रंगाचा, टोपीला कोणती फीत, हातात काय. म्हणजे रेघ एकाची, रंग दुसऱ्याचा आणि शब्द तिसऱ्याचे, अशा तीन साक्षी एकाच पानावर मिळतात. शब्द आणि रंग जुळले तर रंगावर भरवसा ठेवता येतो. जुळले नाहीत तर प्रत कुठे घाईने रंगवली गेली ते दिसते.

लंडनमध्ये १७९४पासून हायडेलॉफ यांनी काढलेल्या ‘गॅलरी ऑफ फॅशन’ची चित्रे याहून देखणी आहेत, त्यांत सोनेरी-रुपेरी रंगही आहे. वर्षाला तीन गिनी मोजणाऱ्या वर्गणीदारांसाठी ती होती. संचात त्यांचे एकच पान ठेवीन. माझा ओढा १७८०च्या दशकाकडे आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही.

१३ ऑक्टोबर

संच लावून झाला. प्रत्येक चित्राखालच्या पाटीवर आता तीन वेगळ्या ओळी आहेत: ‘रेघ’, ‘मजकूर’ आणि ‘या प्रतीतला रंग’. पूर्वीच्या पाट्यांवर ‘गुलाबी रेशमी पोलोनेज’ असे एकाच दमात लिहिले होते. त्यातला ‘पोलोनेज’ रेघेवरून सांगता येतो, ‘रेशमी’ मजकुरात असेल तरच लिहायचे, आणि ‘गुलाबी’ तिसऱ्या ओळीत जाते. विद्यार्थ्यांनी रंगवलेल्या पोलोनेजच्या पहिल्या फेरीतल्या चार प्रती शेजारी-शेजारी लावल्या आहेत, उजव्या फुग्याखालच्या घडीवर छोटा बाण चिकटवून. मांजरपाटाचा झगा त्यांच्यासमोर उभा आहे, नाडी हाताला लागेल अशी मोकळी ठेवून.

पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, किरमिजीची एक पट्टी अर्धी काळ्या कागदाने झाकून दक्षिणेच्या खिडकीत ठेवली होती. आज काळा कागद काढला. झाकलेला भाग डाळिंबी आहे आणि उघडा भाग फिकट तांबूस, हात लावला तर पुसला जाईल असा. ही पट्टीसुद्धा भिंतीवर लावली, कारण अडीचशे वर्षांच्या प्रतींतला ‘नाजूक गुलाबी’ ज्या दिवशी वाटीतून कागदावर आला त्या दिवशी असाच होता असे आता मला म्हणवत नाही. खिडकीचे पडदे ओढून घेतले आणि दिवा तिरपा, मंद ठेवला. शेमीजच्या पांढऱ्या झग्यावर त्याचा उजेड नीट पडतो आहे.